गोचीड, ससा आणि फलाट क्रमांक चार

काल सकाळी सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या कोपऱ्यावर चहाच्या गाड्याशी उभ्या असलेल्या तीन निवृत्त कंडक्टरांनी मला एका सुरात “या, ससेसाहेब” अशी हाक मारली. तिघांपैकी एकाशीही माझी ओळख नाही. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात गेली चोवीस वर्षे हिशेब लिहितो, माझे कान बेताचे आहेत, गाजराचा मला तिटकारा आहे, आणि तरीही मी स्कूटर थांबवून त्या हाकेला “नमस्कार” म्हणालो, ही गोष्ट मला अजून टोचते आहे. हाकेला ओ दिली की नाव अंगाला लागते, एवढे शाळेतल्या पोरालाही कळते.

या साऱ्याचे मूळ एका बावीस मिनिटांच्या कार्यक्रमात आहे. पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने दिवाळीत मला एक जुनी डीव्हीडी दिली होती. ‘द टिक’ नावाची ही अमेरिकी विनोदी मालिका सुपरहिरोंची टिंगल करण्यासाठी काढलेली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती फॉक्स वाहिनीवर सुरू झाली, नऊ भाग तयार झाले, त्यांतले आठ दाखवले गेले आणि दुकान बंद. गुरुवारी रात्री, समोर ‘सर्व्हायव्हर’ हा गाजलेला कार्यक्रम चालू असताना ती लावत असत, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याशेजारी व्याख्यानाचा मांडव घालण्यासारखेच ते झाले. पुतण्या म्हणाला होता, “काका, यातला आर्थर हिशेबनीस आहे, तुम्हाला आवडेल.” त्याच्या बोलण्यात काही खोच होती की नाही, याचा तेव्हा मी विचार केला नाही. आता करतो आहे.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता पहिला भाग लावून मी सोफ्यावर पाय वर घेतले आणि सहा वाजून दोन मिनिटांनी मामा आले.

मामा म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. एसटीत त्यांची चौतीस वर्षे गेली, त्यांतली शेवटची बारा सोलापूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून, ध्वनिक्षेपकासमोर. निवृत्तीनंतर ध्वनिक्षेपक राहिला, आवाज घरी आला. आमच्याकडे चहा झाला की “चहा लागलेला आहे” असे ते स्वयंपाकघराच्या दारातून जाहीर करतात आणि समोरच्या इमारतीतली माणसे बाल्कनीत येऊन बघतात. मनाने अतिशय चांगले गृहस्थ आहेत, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण हा लेख माझी पत्नी वाचणार आहे.

भाजलेल्या शेंगांची पुडी सोडून मामा माझ्या शेजारी बसले.

“हे काय बघायलाव, जावईबापू?”

“विडंबन आहे मामा. सुपरहिरोंचं.”

“नाव काय?”

“द टिक.”

“म्हणजे घड्याळ?”

इथे ‘होय’ म्हणून मोकळा झालो असतो तर पुढचे सगळे टळले असते, परंतु हिशेब लिहिणाऱ्या माणसाला चुकीची नोंद डोळ्यांसमोर बघवत नाही. मी म्हणालो, “म्हणजे गोचीड.”

मामांनी फोडायला घेतलेली शेंग तशीच धरली. “गोचीड? म्हशीच्या कासेला असते ती?”

“तीच.”

“आणि हा हिरो आहे?”

“हो.”

“रक्त पितो?”

“नाही, लोकांचं रक्षण करतो.”

“मग गोचीड कशाला म्हणायचं त्याला? वाघ म्हणा, गरुड म्हणा. नाव ठेवायला पैसे पडतात का?”

विडंबन म्हणजे तेच, असे मी समजावू पाहिले. बेन एडलंड या तरुण चित्रकाराने १९८६ मध्ये कॉमिक विकणाऱ्या एका दुकानाच्या वार्तापत्रासाठी हे पात्र बोधचिन्ह म्हणून काढले, पुढे त्याचे स्वतंत्र कॉमिक झाले, १९९४ मध्ये मुलांची कार्टून मालिका झाली आणि त्यानंतर ही जिवंत माणसांची, हा सगळा इतिहास मी सांगितला. एवढ्या इतिहासातून मामांनी फक्त दुकान उचलले. “दुकानाचं चिन्ह गोचीड,” ते हळूहळू म्हणाले, “मग गिऱ्हाईक काय अंगाला मीठ चोळून यायचं?”

एव्हाना पडद्यावरचा निळाभोर माणूस आपल्या डोक्यावरच्या दोन मिशा हलवीत उभा होता. पॅट्रिक वॉरबर्टन नावाच्या नटाने हे काम केले आहे, आणि त्याचा खर्जातला, कमालीचा गंभीर आवाज हीच या भागाची खरी कमाई आहे, असे माझे मत आहे. विनोद करणाऱ्याला आपण विनोद करतो आहोत याची शंकाही येऊ नये, हे त्याला बरोबर साधले आहे. हे मत मी मोठ्याने मांडणार, तेवढ्यात मामा सोफ्यावरून पुढे सरकले आणि पाठ ताठ करून बसले, कारण पडद्यावर बसस्थानक आले होते.

या मालिकेची सुरुवात बसस्थानकावर होते. हा निळा गृहस्थ एका आडगावच्या बसस्थानकाचा स्वयंघोषित रक्षक असतो, त्याला तिथे कोणी बोलावलेले नसते, आणि रक्षण करण्याजोगे काही न सापडल्यामुळे तो कॉफी देणाऱ्या यंत्राशी तुंबळ युद्ध करतो. शेवटी कंटाळलेले कर्मचारी गोड बोलून त्याला शहराकडे घालवतात. अख्ख्या भागात याहून सुरेख काही असेल असे मला वाटत नाही, आणि नेमके हेच मला धडपणे ऐकू दिले गेले नाही.

“डेपो कुठला?” मामांनी विचारले.

“अमेरिकेतला.”

“ते दिसायलंय. कंट्रोलर कुठाय यांचा? एक माणूस मशीन फोडायलाय आणि ऑफिसातून कोणी बाहेर येईना. नुकसानभरपाई कोणाच्या पगारातून कापणार?”

मी काही बोललो नाही.

“याचं मूळ गाव कुठलं?”

“ते त्यालाही ठाऊक नाही, मामा.”

“असं कसं? पाहुणेरावळे कोणीतरी असतील की. आणि आता हे लोक त्याला कुठं पाठवायलेत?”

“शहरात.”

“कुठल्या?”

“नुसतं शहर. त्याचं नावच ‘शहर’ आहे.”

मामांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने त्यांनी चौतीस वर्षे विनातिकीट प्रवासी पाहिले असावेत. “जावईबापू,” ते म्हणाले, “१ जून १९४८ ला पुण्याहून पहिली एसटी सुटली, तेव्हा तिच्यासमोर ‘नगर’ होतं. ‘शहर’ नव्हतं. बोर्डावर नुसतं शहर लिहिलं तर पब्लिक काच फोडंल काच.”

मी रिमोटने आवाज दोन घरांनी वाढवला. मामांनी आपला चार घरांनी वाढवला.

“आमच्याकडं होता की असा एक. फलाट चारवर.”

आणि डीव्हीडी चालू असताना, माझ्या डोळ्यांदेखत, निळा माणूस शहरात पोहोचत असताना, मामांनी फलाट क्रमांक चारची कथा सांगायला घेतली. ती मी इथे देतो, कारण मालिकेतले पुढचे काही प्रसंग मला तिच्यामुळेच दिसले नाहीत आणि कुठेतरी त्याची वसुली व्हायला हवी.

त्या माणसाचे नाव कोणाला माहीत नव्हते. अंगात कोणा ड्रायव्हरचा टाकून दिलेला खाकी सदरा, छातीवर कुठल्याशा बँडपथकाचा पितळी बिल्ला आणि गळ्यात गड्ड्यातून घेतलेली प्लॅस्टिकची शिट्टी. गाडी फलाटाला मागे येऊ लागली की हा मागे उभा राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणून शिट्टी मारायचा, आणि पुढचे त्याचे मुख्य काम म्हणजे रुमाल. गाडी थांबायच्या आत खिडकीतून आत हात घालून लोक सीटवर रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी पोरगे टाकून जागा धरतात, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. हा माणूस गाडीत चढून एकेक रुमाल उचलायचा आणि “जागा रुमालाची नाय, माणसाची हाय!” असे ओरडून खिडकीबाहेर फेकून द्यायचा. पोरे तेवढी फेकत नसे. त्यांना कडेवर घेऊन खाली आणून द्यायचा. म्हाताऱ्या बायका त्याला दुवा देत आणि बाकीचे सगळे कंट्रोलरच्या खिडकीशी तक्रार घेऊन येत.

“मग आम्ही एक युक्ती केली,” मामा म्हणाले. “त्याला म्हणालो, अक्कलकोटच्या स्टँडवर रुमालवाल्यांनी लई उच्छाद मांडलाय, तुमच्याशिवाय भागायचं नाही. अकराच्या गाडीत बसवून दिला. म्हटलं तिथं अन्नछत्र आहे, जेवायची तरी ददात नाही.”

“मग?”

हे ‘मग’ मी विचारले. माझ्याच तोंडून ते गेले, याबद्दल मी स्वतःला क्षमा केलेली नाही.

“संध्याकाळच्या गाडीनं परत. म्हणाला, तिथलं काम झालं. मग गुलबर्ग्याच्या गाडीत घातला. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी कर्नाटकची गाडी लागली आणि त्यांचा ड्रायव्हर खाली उतरून मला म्हणतो, साहेब, तुमचा माणूस ताब्यात घ्या. जाताना एक शिट्टी होती, येताना दोन!”

मामा हसले, शेंगांचा एक घास घेतला, मग काही वेळ पडद्याकडे बघत राहिले.

“मी रिटायर व्हायच्या आधी दोनेक वर्षं तो दिसायचा बंद झाला,” ते म्हणाले. “रुमाल मात्र परत सुरू झाले.”

आता यावर कोणी काय बोलावे? पडद्यावर लाखो डॉलर खर्चून एक गोचीड बसस्थानकावरून हाकलली जात होती, आणि माझ्या सोफ्यावर शेंगा खाणाऱ्या माणसाने फुकटात तीच गोष्ट तिच्याहून सरस सांगितली होती. मला राग आला तो याचाच. रटाळ माणसाने व्यत्यय आणला तर त्याला मनातल्या मनात शिव्या तरी देता येतात.

मी रिमोट उचलून चित्र मागे न्यायला गेलो, तोच खालून आरोळी आली, “पाणी आलंऽऽ!”

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येते, त्याचे वार ठरलेले असतात आणि ते ठरल्या वारी येत नाही. शंभराहून अधिक किलोमीटरवर उजनीचे एवढे मोठे धरण भरलेले असो की रिकामे, आमच्या नळाला त्याचे सोयरसुतक नसते. पाहुण्यांच्या लग्नाला जावे की नाही, पोराची मुंज कधी धरावी, माणसाने कुठल्या वारी मरावे म्हणजे दहाव्याला पाणी असेल, हे सारे आम्ही पाण्याच्या वारावरून ठरवतो. ज्या घरात दर पाचव्या दिवशी मोटार, पाइप, पिंप, कळशी आणि शेजाऱ्याची मोटार आपल्या आधी लागली की काय हा संशय, एवढ्या गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात, तिथे सुपरहिरोचे विडंबन बघायला निवांतपणा आणायचा कुठून? उंच इमारती उचलणारे आणि उडत्या विमानाला हात लावणारे शेकडो वीर या लोकांनी कल्पिले. नळाला रोज अर्धा तास पाणी आणीन, अशी प्रतिज्ञा करणारा एकही नाही. अतिशयोक्तीलाही काही मर्यादा असते, म्हणून नसावा.

तळघरातल्या टाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाऊण तास माझी खालीवर फेरी चालली. पाइप मधेच निसटला आणि मी नखशिखांत भिजलो. घरात आलो तेव्हा अंगात पांढरा बनियन, पांढरा लेंगा आणि डोक्याला आमच्याच कारखान्याचा पांढरा टॉवेल गुंडाळलेला. सोलापुरी टॉवेल पाणी चांगले शोषतो, आणि गाठ घट्ट मारली तर त्याची दोन टोके वर उभी राहतात. या दुसऱ्या गुणाची जाहिरात आम्ही आजवर केलेली नाही.

दरम्यान मामांनी “मी बंद करतो” म्हणून रिमोटची कुठलीशी कळ दाबली होती आणि भाग पहिल्यापासून सुरू झाला होता. त्यांनी बसस्थानक पुन्हा पाहिले होते, पत्नीला बोलावून दाखवले होते आणि आता शहरात आर्थर आला होता.

आर्थर हा सरळमार्गी, घाबरट हिशेबनीस आहे, आणि एके दिवशी तो पतंगाचा पांढुरका पोशाख घालून घराबाहेर पडतो. पतंग म्हणजे दिव्यावर येणारा. त्या वेषात तो कचेरीत जातो आणि त्याची नोकरी सुटते. गंमत अशी की त्याच्या डोक्यावरच्या मिशा बघून लोक त्याला ससाच समजतात, आणि बिचारा पुन्हा पुन्हा सांगत राहतो की मी पतंग आहे. मला हा माणूस पाहताक्षणी आवडला. चोवीस वर्षांत मी कारखान्यात राखी पँटीशिवाय दुसरे काही घालून गेलेलो नाही. एकदा फिकट पिवळा सदरा घातला होता, तर मालकांनी बरे वाटत नाही का म्हणून विचारले. असा माणूस पोशाख चढवून कचेरीत शिरतो, ही मला त्या निळ्या गृहस्थाच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा मोठी मर्दुमकी वाटते. हे मी पत्नीला सांगावे, अशा विचारात ओलेता दारात उभा होतो.

“हा कोण ससा?” मामांनी विचारले.

“ससा नाही मामा, पतंग.”

“संक्रांतीचा?”

“किडा हो! दिव्यावर झेपावतो तो.”

“मग कसर म्हणा. चादरीला लागते ती.”

“सोलापुरी चादर सुती असते, मामा. कसर लोकरीला लागते.” मी अद्यापही नोंदी दुरुस्तच करीत होतो.

“बरं. काम काय करतो?”

“हिशेब लिहितो.”

मामांनी पडद्याकडे पाहिले. मग वळून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. आधी लेंग्याकडे, मग बनियनकडे, आणि सर्वांत शेवटी, सावकाश, डोक्यावर उभ्या असलेल्या टॉवेलच्या दोन टोकांकडे. पुन्हा पडद्याकडे पाहिले.

“जावईबापू,” ते ध्वनिक्षेपकाच्या आवाजात म्हणाले, “हा तर तुम्हीच की!”

पत्नी हसली. माझ्याशी लग्न होऊन तिला एकवीस वर्षे झाली. मी सांगितलेल्या विनोदावर ती ‘हं’ म्हणते. त्या संध्याकाळी मात्र तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. समोरच्या बाल्कनीत माणसे आली. मी टॉवेल ओढून काढला, तेव्हा केस उभे राहिले आणि ती पुन्हा पहिल्यापासून हसली.

उरलेला भाग आम्ही तिघांनी मिळून पाहिला, म्हणजे त्या दोघांनी मिळून पाहिला. बॅटमॅन्युएल नावाचा एक वीर येतो, त्याचे लक्ष गुन्हेगारांपेक्षा बायकांकडे अधिक. कॅप्टन लिबर्टी नावाची एक वीरांगना येते. हे सारे लढतात कमी आणि बसून एकमेकांची उणीदुणी अधिक काढतात, ते मला पार्क चौकातल्या संध्याकाळीसारखे वाटून बरे वाटले. खलनायक मात्र मला बेतलेला वाटला. सोव्हिएत काळात जिमी कार्टर यांना मारण्यासाठी बनवलेले एक यंत्र पुन्हा जागे होते.

“कार्टर मग गेले का त्यात?” मामांनी विचारले.

“नाही हो. डिसेंबर २०२४ मध्ये गेले, शंभर वर्षांचे होऊन.”

“म्हणजे गाडी ब्रेकडाऊन,” मामा समाधानाने म्हणाले आणि घड्याळ बघून उठले. शेवटची सहा-सात मिनिटे उरली होती. जुळे सोलापूरला जाणारा रिक्षावाला त्यांचा ठरलेला आहे आणि तो आठनंतर जादा घेतो. जाताना त्यांनी यंत्राची कळ दाबली, तबकडी बाहेर आली, ती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, “ही नेतो. आमच्या मंडळींना तो स्टँड दाखवायचाय.”

मी तोंड उघडले, पण पत्नी आधी बोलली. “न्या की मामा. हे काय, रोज बघतात का?”

रोज! वर्षभरात मी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली बावीस मिनिटे होती, आणि त्यांतलीही तीन वेळा बसस्थानकावरच गेली. ते गेल्यावर डीव्हीडीची डबी बंद करायला उचलली, तर ती काठोकाठ टरफलांनी भरलेली. शेंगा मी खाल्ल्या नव्हत्या, तरी टरफले मीच उचलली; लोकमान्य व्हायला वेगळा पिंड लागतो.

तर, काल सकाळी सात रस्ता. मी ‘नमस्कार’ म्हणालो, स्कूटर लावली आणि तबकडी कोणाकडे आहे म्हणून विचारले. ती रातोरात एका कंडक्टरच्या नातवाच्या संगणकावर लागली होती आणि तिघांनीही पूर्ण भाग पाहिला होता. त्यांच्यातला एक, पान लावलेला, उत्साहाने पुढे झाला. “ससेसाहेब, बाकी शेवट जबरा आहे. ते लाल यंत्र असतंय बघा, त्याला तो गोचीडवाला...”

शेवट मला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता. म्हणून मी दोन्ही हात वर करून कान गच्च झाकले.

“कान! कान झाकले बघा!” तिघेही एकदम ओरडले, आणि चहावाला हातातले पातेले खाली ठेवून हसायला लागला.

चार चहांचे चाळीस रुपये मीच दिले.